गुलाबी होईपर्यंत

आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबच्या दारावर एक पाटी आहे. 'आत खाऊ नये, पिऊ नये, कशाचाही वास घेऊ नये आणि रंगनाथ यांना विनाकारण हाक मारू नये.' पहिल्या तीन सूचना पुस्तकातल्या आहेत. चौथी माझी. रंगनाथ म्हणजे मी, या लॅबचा सहाय्यक. बिबवेवाडीहून सकाळी पावणेआठला येतो, दिवसभर विनाकारण हाका मारणाऱ्यांचा अपमान करतो आणि पाचला घरी जातो. एकतीस वर्षं झाली.

हा विषय मी शिकलेलो नाही. पण पोरं ज्या जंतूंची चित्रं वहीत काढतात, त्यांना खाऊपिऊ मी घालतो. अगार शिजवायचं, ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या कुकरमध्ये निर्जंतुक करायचं, काचेच्या बशांत ओतायचं, जुन्या नळीतले जंतू नव्या नळीत घालून जगवायचे. आमचा ई. कोलाय माझ्या मुलाहून वयाने मोठा आहे आणि त्याच्याहून कमी त्रास देतो. प्राध्यापक आले, गेले, कुणी पीएच.डी. झाले, कुणी परदेशी गेले. नळ्या मी सांभाळल्या. एकतीस वर्षांत एका नळीवर चुकीची खूण पडलेली नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी.

नाजिमा आमच्याकडे आली तेव्हा पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेली होती, ते आधी कबूल करतो. येरवड्याची पोरगी. वडील मैनुद्दीनभाई, त्यांचं तिकडे चष्म्याचं दुकान. लहानपणापासून गिऱ्हाइकांना अक्षरांची पाटी वाचायला लावत वाढलेली, त्यामुळे बोलताना समोरच्याच्या थेट डोळ्यांत बघायची. मला वाटलं, उद्धट आहे. मग लक्षात आलं की ती माझा नंबर काढतेय.

"काका, तुम्ही बाटली उजेडाकडे धरून का बघता?" एकदा तिनं विचारलं.

"देवाला दाखवतो."

"नाही म्हणजे, हे बूच कोणत्या रंगाचं आहे, सांगा ना."

"का? तुला येत नाहीत रंग? बालवाडीत घेतात, ये जाऊन."

ती हसली आणि म्हणाली, "अब्बांकडे या ना एकदा. फक्त तपासून घ्या." मी तिला दाराची पाटी वाचायला सांगितली. पण पोरगी चिवट. वर्षभर आठवड्यातून एकदा तरी "काका, हा रंग कोणता?" असायचंच, आणि माझं काही ना काही खोचक उत्तर असायचं. खरं उत्तर मी एकदाही दिलं नाही. ते का, हे मला माहीत होतं, पण तिला सांगायला मी काय तिचा पेशंट होतो?

आता प्रॅक्टिकल कसं चालतं ते सांगतो. थिअरी सरळ असते. मॅडम फळ्यावर लिहितात, पोरं फोटो काढतात, फोटो फोनमध्ये राहतात. प्रॅक्टिकलला मात्र जर्नल लागतं, आणि जर्नल आमच्याकडे लिहीत नाहीत, वारशानं मिळतं. दोन हजार नऊ सालचं एक जर्नल अजून फिरतंय. मूळ मालकानं एका बशीच्या चित्रावर चहा सांडला होता. पुढच्या बॅचनं तो डाग जंतूंचा पुंजका, म्हणजे कॉलनी, समजून रंगवला. तेव्हापासून दरवर्षी प्रत्येकाच्या जर्नलमध्ये त्या बशीत उजवीकडे एक तपकिरी कॉलनी उगवते. नाजिमाच्या जर्नलमध्ये ती नव्हती, तर नम्रता मॅडमनी तिला विचारलं, "ही का नाही काढलीस?" मॅडम आमच्याच कॉलेजच्या. त्यांच्याही जर्नलमध्ये होती.

"माझ्या बशीत नव्हती, मॅडम," नाजिमा म्हणाली.

"सगळ्यांच्यात आहे."

"मग सगळ्यांच्यात असेल."

या स्वभावापायी तिचं एक वर्ष गेलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत पाण्यातले जंतू मोजायचे होते. पाणी कॉलेजच्याच कूलरचं. वारशाच्या जर्नलमध्ये आकडा होता चार. सगळ्यांनी चार लिहिला. हिनं बसून मोजले आणि लिहिलं तीनशे अकरा, खाली शेरा, 'पिण्यास अयोग्य'. परीक्षकांनी निरीक्षण चुकीचं ठरवून तिला नापास केलं. त्या दिवसापासून कूलरचं पाणी कुणी पीत नाही, हे वेगळं. परीक्षकसुद्धा जाताना बाटली विकत घेऊन गेले.

मैनुद्दीनभाईंनी तेव्हा तिला शांतपणे सांगितलं होतं, "एकदा झालं, झालं. परत झालं तर काउंटरवर बसायचं." माणूस वाईट नाही, पण एका मुलीचं शिक्षण किती वर्षं ओढायचं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे तिसऱ्या वर्षाचं हे शेवटचं प्रॅक्टिकल तिला पहिल्या झटक्यात पास व्हायलाच हवं होतं. विश्रांतवाडीला दूध तपासायची एक लॅब आहे, तिथं तिची मुलाखतही झाली होती. निकाल दाखवा आणि एक जूनला या, असं त्यांनी सांगितलेलं. पास झाली तर पांढरा कोट, नाही तर काउंटर.

परीक्षा एप्रिलमध्ये, दोन दिवसांची. अठरा पोरं. प्रत्येकाला एक नळी देतात. आत कोणता जंतू आहे ते त्यानं ओळखायचं. तीन प्रकारचे जंतू, सहा-सहा नळ्या. कुठल्या नळीत काय आहे हे कळावं म्हणून मी मार्करनं ठिपके देतो. लाल म्हणजे स्टॅफिलोकोकस, निळा म्हणजे ई. कोलाय, हिरवा म्हणजे बॅसिलस. एका रंगाची पोरं एका ओळीत बसतात, अल्कोहोलची बाटली ओळीला एक. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर हेच असतं. ही खूण गुप्त आहे. पोरांना ती माहीत आहे, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. इतकी वर्षं चाललं की त्याला परंपराच म्हणायचं. एकट्या नाजिमानं मला आदल्या आठवड्यात ऐकवलं होतं, "काका, मग नळी कशाला देता? नुसता ठिपकाच द्या ना हातात."

पहिल्या दिवशी जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतात. काचपट्टीवर जंतू पसरायचे, जांभळा रंग घालायचा, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं आणि शेवटी गुलाबी रंग. बॅसिलस जांभळा धरून बसतो, सोडत नाही. ई. कोलाय अल्कोहोल लागल्याबरोबर जांभळा सोडतो आणि गुलाबी होतो. सगळी मेख अल्कोहोलमध्ये. जास्त वेळ धुतलं तर जांभळाही गुलाबी होईल, कमी धुतलं तर गुलाबीही जांभळा राहील. पंधरा सेकंद म्हणजे पंधराच सेकंद. नाजिमा ते तोंडानं मोजत होती, आणि शेजारचा अभिनव वैतागून म्हणत होता, "यार, तू मनात मोज ना."

थोड्या वेळानं हाच अभिनव माझ्याकडे आला. "काका, अल्कोहोल संपलं."

"सकाळी भरलीय बाटली."

"संपली ना पण."

"पितोयस काय?"

दुसरी बाटली दिली. अर्ध्या तासात तीही रिकामी. तिसरी दिली तेव्हा मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. कारण मात्र विचारलं नाही. तिथं मी चुकलो.

दुसऱ्या दिवशी बशांत उगवलेल्या कॉलन्या बघायच्या आणि जंतूचं नाव लिहून द्यायचं. बाहेरचे परीक्षक रविराज सर. सज्जन माणूस, हळू बोलणारा, सतत रुमालानं मान पुसणारा. त्यांनी उत्तरं तपासली आणि नाजिमाला बोलावलं. मी शेजारच्या ओट्यावर नळ्या गोळा करत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. कान माझे उत्तम आहेत.

"तुमच्या नळीवर निळा ठिपका आहे. आत ई. कोलाय. तुम्ही बॅसिलस लिहिलंय."

"हो सर."

"निळ्या ठिपक्याच्या बाकी पाचही जणांचं बरोबर आलंय. त्यांच्या काचपट्ट्या गुलाबी आहेत. तुमचीच जांभळी कशी?"

"तीनदा रंगवलं, सर. तिन्ही वेळा जांभळं."

"अल्कोहोल कमी पडलं असेल."

"पंधरा सेकंद मोजून घातलं, सर. आणि कॉलन्या बघा ना. कोरड्या आहेत, सुरकुतलेल्या."

सरांनी बशी बघितली. मान हलवली. "बॅसिलस हवेतून कुठेही पडतो. बाहेरचा जंतू शिरलाय तुमच्या बशीत. हात स्वच्छ ठेवून काम केलं नाहीत, असा याचा अर्थ."

तिचा चेहरा असा पडला की मला नळ्या मोजता येईनात. नम्रता मॅडम हळूच म्हणाल्या, "नाजिमा, अजून पाच मिनिटं आहेत. बदलून टाक ना, बाळा. एक शब्दच तर खोडायचाय." मॅडमच्या मनात मायाच होती. त्यांनाही दूध-लॅबचं माहीत होतं.

"बदलते, मॅडम," नाजिमा म्हणाली. तिनं बशी मॅडमपुढे सरकवली. "पण आधी यात ई. कोलाय दाखवा मला. एक तरी."

रविराज सर माझ्याकडे वळले. "रंगनाथ, खुणा तुम्हीच केल्यात ना? काही गडबड नाही ना?"

आणि मी, छाती पुढे काढून, म्हणालो, "एकतीस वर्षांत एक खूण चुकलेली नाही, सर."

नाजिमानं माझ्याकडे बघितलं. थेट डोळ्यांत, नेहमीसारखं. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग वाकून सरांना "थँक यू" म्हणाली आणि दप्तर उचलून बाहेर गेली. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मॅडमबरोबर तोंडी परीक्षेला शेजारच्या खोलीत गेले.

मी आवराआवर करायला लागलो. अल्कोहोलच्या बाटल्या उचलल्या आणि हात थांबला. लाल ठिपक्यांच्या ओळीत बाटली निम्मी, जशी दरवर्षी असते. निळ्या ओळीत, म्हणजे नाजिमाच्या, तीन बाटल्या, तिन्ही कोरड्या ठणठणीत. आणि हिरव्या ओळीत काठोकाठ भरलेली. बूचसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

एकतीस वर्षं बाटल्या भरतोय हो मी. कोण किती वापरतं मला बरोबर ठाऊक. या ओळीत एवढं का लागलं आणि त्या ओळीत थेंबही का नाही? हळूहळू डोक्यात उजेड पडला. निळ्या ओळीतल्या पोरांना ठिपका सांगत होता, 'गुलाबी यायला पाहिजे', आणि काचेत दिसत होतं जांभळं. मग ती धूत बसली. गुलाबी होईपर्यंत धुतलं. हिरव्या ओळीतल्यांना जांभळं हवं होतं, म्हणून त्यांनी अल्कोहोलला हातच लावला नाही. डोळ्यांना दिसलेलं खरं मानायचं सोडून पोरांनी माझ्या ठिपक्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर आयुष्यात एवढा विश्वास कुणी ठेवला नाही, आणि ठेवला तो नेमका इथं.

खात्री करायला माझ्याकडे एकच मार्ग होता. दार लोटलं. हिरव्या ठिपक्याची म्हणून जी ओळ होती, तिथली नळी उघडून नाकाला लावली. दारावरची पाटी मीच लावली आहे, माहितीये. ई. कोलायचा वास कसा असतो ते विचारू नका, सार्वजनिक शौचालय आठवा. भप्पकन आला. निळ्या ओळीतली नळी हुंगली, तर नुसता धुळीसारखा वास. बारा नळ्या. बाराच्या बारा उलट्या.

खरं सांगतो, पहिला विचार चांगला आला नाही. ऑटोक्लेव्ह तापलेला होता. सगळ्या नळ्या आत टाकल्या की वीस मिनिटांत पुरावा खलास. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. निरोपाच्या भाषणात मॅडम काय म्हणणार, तेही मी मनात ऐकून ठेवलं होतं. नळ्यांची जाळी मी उचलली सुद्धा.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. नाजिमा बाहेर बाकावर बसून फोनवर बोलत होती. "अब्बा, काउंटरवरची खुर्ची पुसून ठेवा. नाही, रडत नाहीये. हो, जेवले. नाही, कुणाची चूक नाही." लाज वाटली. अशी लाज मला लग्नात सासऱ्यांचा पाय तुडवला तेव्हाही वाटली नव्हती. जाळी खाली ठेवली, खिशातले दोन मार्कर काढले आणि तिला हाक मारली. तिला घेऊन शेजारच्या खोलीत दार न वाजवता शिरलो. आत अभिनवची तोंडी परीक्षा चालू होती आणि त्याला घाम फुटलेला होता. मला बघून त्याला सुटल्यासारखं वाटलं. बिचारा.

"काय झालं, रंगनाथ?" रविराज सर म्हणाले.

मी दोन्ही मार्कर नाजिमापुढे धरले, एकेका हातात एक. "नाजिमा, यातला निळा कोणता?"

ती घाबरली. एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या डाव्या हाताला हळूच बोट लावलं. "हा, काका."

"मी उजवा म्हणालो असतो," मी सरांना सांगितलं. "मोतीबिंदू आहे, सर. वर्ष झालं, मला निळा आणि हिरवा वेगळा दिसत नाही. ही पोरगी वर्षभर सांगतेय, मी ऐकलं नाही. निळ्या ठिपक्यात बॅसिलस आहे. तिचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

मग मॅडम म्हणाल्या, "पण रंगनाथ, बाकीच्या पाच जणांच्या काचपट्ट्या गुलाबी कशा?"

"तो समोर बसलाय, त्याला विचारा."

सरांनी अभिनवला परत लॅबमध्ये नेलं. त्याच नळीतून काचपट्टी करायला लावली आणि स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. पंधरा सेकंद. अभिनवनं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काय दिसतंय?"

"जांभळं, सर."

"काल गुलाबी दिसलं होतं."

"काल... होईपर्यंत धुतलं, सर."

रविराज सरांनी रुमालानं मान पुसली. मग चेहरा पुसला. मग रुमाल तोंडावर तसाच धरून ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. नाजिमाच्या कागदावरचा आकडा त्यांनी खोडला आणि वीसपैकी वीस लिहिले. उरलेल्या अकरा जणांची परीक्षा पुढच्या आठवड्यात परत झाली. ठिपक्यांशिवाय. नळ्यांवर नुसते नंबर. अकरापैकी तिघांनी मला अजून माफ केलेलं नाही. परंपरा मोडली म्हणून.

जूनमध्ये माझं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मी लॅबमध्ये आलो आणि भांडणच काढलं, की माझ्या परवानगीशिवाय भिंतींना रंग कुणी दिला? कुणीच दिला नव्हता. भिंती पहिल्यापासून पांढऱ्याच होत्या.

चष्मा करायला येरवड्याला मैनुद्दीनभाईंकडेच गेलो. येताना डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली घेतली होती, ती काउंटरवर ठेवली. रविवार होता, नाजिमाही होती. आमच्या कॉलेजच्या कँटीनचं दूध तिनं पहिल्याच आठवड्यात नापास केलंय. आता चहा काळाच मिळतो. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाटी वाचायला लावली आणि एक चिंधी पुढे धरली. "काका, हा रंग कोणता?"

"निळा," मी म्हणालो. वर्षात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं.

मग मला राहवेना. "नाजिमा, त्या दिवशी सरांनी मला विचारलं, गडबड नाही ना. तुला तर माहीत होतं मला दिसत नाही. तेव्हाच का नाही बोललीस? तुझं वर्ष वाया चाललं होतं."

ती भिंगं पुसत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं ना, काका."

मी मान फिरवून परत पाटी वाचायला लागलो. मैनुद्दीनभाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "क्या हुआ, डोळ्यांतून पाणी येतंय."

"थेंब घातलेत," मी म्हणालो. "झोंबतात."

त्यांनी काउंटरवरची बाटली उचलली, उलटसुलट बघितली आणि परत ठेवली. "अहो, सील तरी फोडा आधी."